पोलीस ठाण्याच्या आतला न्याय

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना बदलापूर पूर्व पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळावे लागले, तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला संतप्त लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दहाएक तास लोकल गाड्या बंद राहिल्या. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच निदान ऐकू आले: पोलीस असंवेदनशील आहेत. उपायही ठरलेलेच निघाले. तिघा पोलिसांचे निलंबन, विशेष तपास पथक आणि पोलिसांना संवेदनशीलतेचे प्रशिक्षण देण्याची मागणी.

हे निदान खोटे नाही, पण उथळ आहे. असंवेदनशीलता हा एखाद्याच्या स्वभावातला दोष मानला की त्या माणसाला निलंबित करून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मग त्याच खुर्चीवर आलेला पुढचा अधिकारी काही महिन्यांत तसाच का वागू लागतो, याचे उत्तर कोणी शोधत नाही. पोलीस नागरिकाशी कसा वागतो हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. त्याचे खाते त्याच्याशी कसे वागते, वरिष्ठ त्याला कशाबद्दल जाब विचारतात आणि अडचणीच्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहते. सहकारी, वरिष्ठ आणि जनता यांच्याबद्दलच्या त्याच्या वृत्ती एकाच कारखान्यात घडतात. आधीच्या दोन बदलल्याशिवाय तिसरी बदलत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात अलीकडे जे घडले ते असे पाहिले, की सुटे सुटे वाटणारे प्रसंग एकमेकांना जोडले जातात. न्यूयॉर्क आणि इंग्लंडमधल्या पोलिसांचा अनुभवही याहून फार निराळा नाही.

एक: बारा तासांमागचा हिशेब

कायद्यात इथे कसलीही संदिग्धता नव्हती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तर बालकावरच्या अत्याचाराची माहिती मिळूनही ती न नोंदवणे हाच शिक्षेस पात्र गुन्हा ठरतो. ठाणे अंमलदाराला हे पाठ असते. शिवाय त्या वेळी बदलापूर पूर्व ठाण्याच्या प्रमुख एक महिला अधिकारी होत्या. त्यामुळे ‘कायदा माहीत नसेल’ आणि ‘बाई असती तर समजून घेतले असते’ ही दोन्ही सोपी स्पष्टीकरणे एकाच वेळी बाद होतात.

त्या दिवशी नेमके कोणाच्या मनात काय होते हे ठरवण्याचे काम चौकशीचे आहे. पण पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवणे का टाळले जाते, याचा सर्वसाधारण हिशेब महाराष्ट्रात कोणालाही विचारला तरी सांगता येईल. गुन्हा नोंदवला की ठाण्याचा आकडा वाढतो. आकडा वाढला की गुन्हे आढावा बैठकीत प्रभारी निरीक्षकाला उभे राहून उत्तर द्यावे लागते. समोर वजनदार संस्था किंवा व्यक्ती असेल तर वरून फोन येण्याची शक्यता वेगळीच. याउलट गुन्हा नोंदवला नाही तर त्याला विचारणार कोण? दारात बसलेला फिर्यादी? मग ‘साहेब आले की बघू’, ‘आधी अर्ज द्या, चौकशी करतो’, ‘ही आमची हद्द नाही’, ‘एनसी घेऊन टाकतो’ ही वाक्ये जन्माला येतात. त्यांत क्रौर्य फारसे नसते. ज्याच्याकडून शिक्षा होऊ शकते त्याला सांभाळायचे आणि ज्याच्याकडून होऊ शकत नाही त्याला थांबवायचे, एवढा व्यवहार असतो.

हा व्यवहार केवळ भारतीय मातीतला समजणे मात्र चूक ठरेल. इंग्लंड आणि वेल्समधल्या पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या अधिकृत यंत्रणेने नोव्हेंबर २०१४ मध्ये एक अहवाल दिला. पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदवलेच जात नव्हते आणि लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. तिथले पोलीस बहुतांशी निःशस्त्र असतात, चांगला पगार घेतात, जनतेच्या संमतीने काम करण्याची जवळपास दोनशे वर्षांची परंपरा सांगतात. तरीही वरिष्ठांनी आकडे खाली आणण्याचा धोशा लावल्यावर खालच्या माणसाने सगळ्यात सोपा मार्ग धरला.

न्यूयॉर्कमध्ये १९९४ पासून ‘कॉम्पस्टॅट’ नावाची पद्धत आली. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला गुन्ह्यांच्या आकड्यांवरून भर बैठकीत धारेवर धरले जाई. पुढे ब्रुकलिनच्या ८१ व्या प्रीसिंक्टमधला एक पोलीस, एड्रियन स्कूलक्राफ्ट, याने वरिष्ठांच्या सूचना गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या. तक्रारी घेऊ नका, घेतल्या तर सौम्य कलमाखाली घ्या, असा त्यांचा सूर होता. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच्याच खात्यातले अधिकारी त्याच्या घरी गेले आणि त्याला जबरदस्तीने रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात दाखल केले. भाषा, पगार, राज्यव्यवस्था सगळे वेगळे, गणित तेच.

दोन: खालच्या माणसाला वरून काय मिळते

लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज या संस्थांनी २०१९ साली २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात आणि जवळजवळ निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, हे त्यातले निष्कर्ष वर्तमानपत्रांत गाजले. त्याहून महत्त्वाचे दोन निष्कर्ष मागे राहिले. वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांकडून घरची, खासगी कामे करून घेतात असे चारातल्या एकाने सांगितले. वरिष्ठ वाईट भाषा वापरतात असे पाचातल्या दोघांनी सांगितले. त्याच पाहणीत गुन्हेगारांशी हिंसेने वागणे योग्य आहे असे चारातल्या तिघांना वाटत होते आणि किरकोळ गुन्ह्यात खटल्यापेक्षा पोलिसांनीच थोडी शिक्षा द्यावी असे ३७ टक्क्यांचे मत होते.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ज्याला स्वतःच्या खात्यात कारण न सांगता ओरडा खावा लागतो, ज्याची रजा नियमापेक्षा साहेबांच्या मर्जीवर ठरते, जो काही चुकले तर बाजू मांडायच्या आत ‘कंट्रोलला जमा’ होतो, म्हणजे ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात बसवला जातो, त्याने समोरच्या रिक्षावाल्याला शांतपणे ऐकून घ्यावे, कारण सांगावे, प्रक्रिया पाळावी, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याने कधीच न पाहिलेली गोष्ट करून दाखवावी असे म्हणणे आहे. तो अधिकाराचा जो अर्थ रोज अनुभवतो तोच बाहेर वापरतो.

याला केवळ तर्काचा आधार नाही. स्कॉट वुल्फ आणि ॲलेक्स पिकेरो या संशोधकांनी २०११ साली फिलाडेल्फियातल्या पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले खाते आपल्याशी न्यायाने वागते असे ज्यांना वाटत होते त्यांच्याविरुद्ध तक्रारी आणि शिस्तभंगाच्या कारवाया कमी होत्या. सहकाऱ्याचा गैरप्रकार लपवण्याकडेही त्यांचा कल कमी होता. इंग्लंडमध्ये बेन ब्रॅडफर्ड आणि अँडी मायहिल यांच्या अभ्यासातूनही हेच दिसले: वरिष्ठ न्याय्य वागतात असे मानणारे पोलीस जनतेची सेवा आणि लोकांशी संवाद या गोष्टींकडे अधिक अनुकूलतेने पाहतात. पोलिसांच्या ‘संस्कृती’बद्दल हताश होऊन बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. ती संस्कृती रक्तात नसते, ती कार्यालयात तयार होते.

भारतात ती कधी तयार झाली याचीही नोंद आहे. १८६१ चा पोलीस कायदा १८५७ च्या उठावानंतरचा. सत्तेचे रक्षण हा त्याचा पाया होता. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३ च्या आयोगाने ब्रिटिश सरकारलाच सांगितले की हे दल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी आहे. उपाय करताना मात्र वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि खालच्या देशी शिपायांची दरी तशीच ठेवली गेली. स्वातंत्र्यानंतर वरच्या माणसांचा रंग बदलला, दरी राहिली. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस आयुष्यभराच्या नोकरीनंतर बहुतेकदा फार तर उपनिरीक्षक होऊन निवृत्त होतो.

१८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतल्या पोलिसांनी काम बंद केले तेव्हा ही दरी रस्त्यावर दिसली. लष्कर बोलवावे लागले, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, अनेकांची नोकरी गेली. तो दिवस राज्याने बंड म्हणून लक्षात ठेवला. कामाचे तास, घरे आणि वरिष्ठांची वागणूक यांबद्दलचे त्यामागचे गाऱ्हाणे विसरले गेले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या पोलिसाला आपले म्हणणे एकत्रितपणे मांडायला जागा उरली नाही. आज ते काम त्यांच्या बायका करतात. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्यावर हल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या पोलिसांच्या पत्नी.

तीन: पाठराखण

वरून न्याय मिळत नसेल तर माणूस बाजूला पाहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम वेस्टली यांनी १९५० च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरातल्या पोलिसांचा अभ्यास केला. जनता आपली शत्रू आहे असे तिथल्या पोलिसांना वाटत होते. सहकाऱ्याच्या चुकीबद्दल साक्ष देण्यापेक्षा खोटे बोलू, असे त्यांच्यातले बहुसंख्य सांगत होते. नंतरच्या दशकांत जवळजवळ प्रत्येक देशात हेच आढळले. पण किती प्रमाणात, याबाबत देशादेशांतच काय, एकाच देशातल्या दोन ठाण्यांतही मोठा फरक निघाला. कार्ल क्लोकार्स आणि सांजा कुट्न्याक इव्कोविच यांनी फिनलंडपासून पाकिस्तानपर्यंत १४ देशांतल्या पोलिसांपुढे तेच काल्पनिक प्रसंग ठेवले आणि विचारले: हे किती गंभीर आहे, याला किती शिक्षा होईल, तुम्ही तक्रार कराल का? ज्या गैरकृत्याला खाते स्वतः गंभीर मानते, तिथे पोलीस सहकाऱ्याविरुद्ध बोलतात. जिथे खातेच डोळेझाक करते तिथे ते गप्प बसतात. म्हणजे गप्प बसणे हा बंधुभाव कमी आणि वरिष्ठांच्या मनाचा अचूक अंदाज जास्त असतो.

हे लक्षात ठेवून २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळकडे पाहावे लागते. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत तो गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. एक सहायक निरीक्षक जखमी झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना या मृत्यूसाठी जबाबदार धरले आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. पुढे ते पथक कोणी नेमायचे याबाबत सर्वोच्च न्यायालयाने बदल केला. अंतिम सत्य न्यायालयात ठरेल. पण ज्या यंत्रणेने बारा तास गुन्हा नोंदवला नाही आणि ज्या यंत्रणेच्या ताब्यात आरोपी मेला, त्या दोन वेगळ्या यंत्रणा नाहीत. दोन्ही प्रसंगांत कायद्याने सांगितलेला, कंटाळवाणा, कागदोपत्री मार्ग पार पडला नाही.

चार: हिललाईन ठाण्यातला धडा

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांना शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून अटक झाली. मूळ वाद द्वारली गावातल्या जमिनीचा. दालनातल्या कॅमेऱ्याचे चित्रण दुसऱ्या दिवशी राज्यभर पाहिले गेले. दोघेही त्या वेळी सत्तेतल्या पक्षांचे होते.

या घटनेवर बोलताना राजकारणाचे गुन्हेगारीकरण हा विषय सगळ्यांनी घेतला आणि तो बरोबरच आहे. उल्हासनगरला तो नवा नाही. १९९० सालच्या भतिजा खून खटल्यात माजी आमदार पप्पू कलानी यांना जन्मठेप झाली ती २०१३ मध्ये. पण त्या रात्री ठाण्यात ड्युटीवर असलेल्या शिपायाच्या जागेवरून ही घटना क्वचितच पाहिली गेली. जमिनीचा वाद घेऊन दोन बलाढ्य माणसे साहेबांच्या केबिनमध्ये बसू शकतात, तिथेच तोडगा शोधला जातो आणि तिथेच शस्त्र निघू शकते, हे तो रोजच्या कामातून जाणतो. ठाण्यात कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला बाकडे, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा अधिक शिकवून जाते. २०१९ च्या त्याच पाहणीत ७२ टक्के पोलिसांनी सांगितले होते की वजनदार माणसे गुंतलेल्या तपासात राजकीय दबाव येतो, आणि तो न मानल्यास सर्वांत नेहमीची शिक्षा म्हणजे बदली.

उल्हासनगरच्या रचनेने या सवयीला आणखी खतपाणी घातले आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पमधून हे शहर उभे राहिले, १९४९ मध्ये त्याला नाव मिळाले. छोटे कारखाने, दुकाने, एकाला एक चिकटलेली घरे असे ते वाढत गेले, इतके की अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये या एका शहरापुरता कायदा करावा लागला. जिथे हजारो कुटुंबांचे छप्परच कायद्याच्या काठावर आहे, तिथे पोलिसाची आणि पालिकेच्या माणसाची नजरेआड करण्याची ताकद प्रचंड वाढते. नागरिक हक्काने ठाण्यात जात नाही, ओळखीने जातो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. इथे शहाणा माणूस ठाण्याची पायरी कार्यकर्त्याशिवाय चढत नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला परप्रांतीय कामगार किंवा बदलापूरला नुकताच फ्लॅट घेऊन आलेला, पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणारा नोकरदार यांच्याकडे असा कार्यकर्ताही नसतो. म्हणूनच बाकड्यावर सगळ्यात जास्त वेळ तेच बसतात.

पाच: जनताही हे शिकते

पोलिसांच्या वृत्तीची चर्चा करताना जनता ही जणू बाहेरची, निरागस बाजू मानली जाते. ते खरे नाही. २२ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बदलापूर प्रकरणाची स्वतःहून दखल घेतलेल्या याचिकेच्या सुनावणीत न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने यंत्रणेला खडसावले. लोकक्षोभ झाल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही, असा न्यायालयाच्या बोलण्याचा आशय होता. बदलापूरच्या लोकांनी नेमका हाच धडा घेतला होता. एकटा पालक बारा तास बसून जे मिळवू शकला नाही ते रुळांवरच्या गर्दीने काही तासांत मिळवले: निलंबने, पथक, मंत्र्यांची धाव. त्याची किंमत लाठीमार, दगडफेकीत जखमी झालेले पोलीस आणि शेकडो लोकांवर गुन्हे अशी मोजावी लागली.

महिन्याभराने आरोपी मेला तेव्हा पेढे वाटले गेले, मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. बारा तासांच्या विलंबाने चिडलेला समाज खटल्याविना झालेल्या मृत्यूने समाधानी व्हावा, यातला विरोधाभास वरवरचा आहे. कायद्याच्या मार्गावर ज्याचा विश्वास उरलेला नाही त्याला पोलिसांच्या आळसाचा राग येतो आणि पोलिसांच्या गोळीचा आनंद होतो. हाच अविश्वास पोलिसांच्या मनातही आहे. किरकोळ शिक्षा आपणच द्यावी असे म्हणणारे ३७ टक्के त्याचेच साक्षीदार आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये कल्याणात गणेश विसर्जनाच्या वेळी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका पोलीस उपनिरीक्षकाला तलावात ढकलले होते. गणवेशाला मान फक्त भीतीमुळे मिळतो अशी दोन्ही बाजूंची समजूत असेल, तर भीती ओसरताच असेच होणार.

काही आक्षेप

पहिला आक्षेप नैतिक आहे: या युक्तिवादाने दोषी पोलीस सुटतो. तसे नाही. ज्या अधिकाऱ्याने गुन्हा नोंदवला नाही त्याला पोक्सोखाली शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती वरिष्ठांच्या मर्जीवर नव्हे, न्यायालयात ठरली पाहिजे. पण जबाबदारी एका शिपायापाशी आणि एका निरीक्षकापाशी थांबवणे हेच खात्याला सोयीचे असते. निलंबनाचा आदेश काढणाऱ्याला आकडे कमी दाखवण्याच्या दबावाबद्दल कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. पोलीस हे शिस्तीचे दल आहे, तिथे खालच्याचे ऐकत बसले तर काम कसे चालेल, असे निवृत्त अधिकारी पोटतिडकीने म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात दंगलीच्या वेळेपुरते तथ्य आहे. पण रोजचे पोलीसकाम लष्करासारखे नसते. जेम्स विल्सन या अभ्यासकाने १९६८ मध्ये दाखवले की पोलीस खात्यात निर्णयस्वातंत्र्य जसजसे खाली जावे तसतसे वाढते. जवान तुकडीत, हुकमावर चालतो. बिट मार्शल नेवाळी नाक्यावर रात्री एकटाच ठरवतो की कोणाला सोडायचे, कोणाला ठाण्यात न्यायचे. सगळ्यात जास्त विवेक ज्याच्याकडून हवा, त्यालाच खात्यात सगळ्यात कमी आवाज आहे. शिवाय युरोपातल्या अनेक देशांत पोलिसांच्या संघटना आहेत आणि तिथली शिस्त कोसळलेली नाही.

तिसरा, मनुष्यबळाचा. भारतात लाख लोकांमागे प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास पोलीस आहेत. उल्हासनगर परिमंडळातल्या तिन्ही शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांच्या पुढे होती. बदलापूर तर त्यानंतर दिसेल त्या दिशेने पसरले. गणपती, नवरात्र, दहीहंडी, अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्र, मलंगगडाची माघी पौर्णिमेची यात्रा आणि वरून मंत्र्यांचे दौरे, यांच्या बंदोबस्तातच माणसे झिजतात. माणसे वाढायलाच हवीत. पण बदलापूरच्या पालकांची तक्रार लिहून घ्यायला एक माणूस आणि दोन तास पुरले असते. तिथे कमतरता निर्णयाची होती.

भिवंडी आणि देवनार

आतली वागणूक बदलली की बाहेरची बदलते याची दोन उदाहरणे जवळच आहेत. ठाणे आयुक्तालयातल्याच भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. नंतर तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समितीत नेहमीची पुढारी मंडळी असतात. या समित्यांत यंत्रमाग कामगार, दुकानदार, सामान्य रहिवासी होते, आणि ठाण्यातल्या साध्या पोलिसांना त्यांच्याशी जोडले गेले. बंदोबस्तात काठी घेऊन उभा राहणारा माणूस वस्तीतल्या लोकांना नावानिशी ओळखू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

दुसरे उदाहरण मुंबईतले. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका पोलिसाने आठ तासांची ड्युटी कशी बसवता येईल याचा आराखडा केला आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेऊन त्याच ठाण्यात राबवून पाहिला. मग तो शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. तासांइतकेच महत्त्व इथे सूचना खालून वर गेली याला आहे.

दोन्ही प्रयोगांची कमजोरी एकच: ते एका अधिकाऱ्याच्या मनावर उभे होते. अधिकारी बदलला की फाइल बंद. म्हणून नियम लागतो. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण आणि तपास व बंदोबस्त यांची फारकत सांगितली. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने कायदा केला. त्यात निरीक्षकाला एका ठाण्यात साधारण दोन वर्षे मिळावीत असे आहे, पण सार्वजनिक हिताच्या कारणाने मध्येच बदली करण्याची वाटही आहे. ती वाट अपवादासाठी आहे की रहदारीसाठी, हे प्रत्येक ठाण्याच्या नोंदींवरून तपासता येते.

उल्हासनगर परिमंडळात सुरुवात दोन नोंदींपासून होऊ शकते. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला आहे. हिललाईनच्या दालनातला गोळीबार अशाच कॅमेऱ्याने दाखवला. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या चित्रणावरून तक्रारदार आत आल्यापासून तक्रार लिहून घेईपर्यंत किती वेळ गेला हे मोजता येईल, आणि आढावा बैठकीत प्रभारी निरीक्षकाला गुन्ह्यांच्या आकड्याऐवजी या वेळेबद्दल आधी विचारता येईल. असे झाले तर ठाण्यातला हिशेब उलटतो: नोंदवणे सुरक्षित आणि थांबवणे धोक्याचे ठरते. दुसरी नोंद नागरिकांना २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येते. बदलापूर पूर्व, बदलापूर पश्चिम, अंबरनाथ, शिवाजीनगर, हिललाईन, विठ्ठलवाडी, मध्यवर्ती आणि उल्हासनगर या ठाण्यांत गेल्या पाच वर्षांत किती प्रभारी आले, प्रत्येक जण किती महिने टिकला, आणि मुदतीआधी गेलेल्यांच्या बदलीच्या आदेशात कोणते कारण लिहिले होते.